पुस्तक वाचून झालंय, आता पिच्चर बघू का नको?

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की आवडत्या थ्रिलर कादंबरीवर सिनेमा येतोय असं कळलं की तुमच्या मनात पहिलं काय येतं. आनंद झाला म्हणणारे अगदी मोजके, बाकी सगळ्यांचा सूर एकच, आता वाट लावणार हे लोक! सगळी पत्रं छापणं शक्य नाही, त्यातल्या त्यात ज्यांच्यावरून भांडायला मजा येईल ती घेतलीत. आणि हो, खुनी कोण हे खाली कुठेच फोडलेलं नाहीये, बिनधास्त वाचा. एका शार्कचं काय झालं तेवढं सांगितलंय, पण त्याला आता ५० वर्षं झाली, लपवून करणार काय.

ताई, ली चाइल्डच्या जॅक रीचरच्या कादंबऱ्या मी लोकलमध्ये उभं राहून वाचून काढल्यात. पुस्तकात माणूस ६ फूट ५ इंच, हात म्हणजे फावडी, आणि सिनेमात टॉम क्रूझ! मी अजून त्यातून सावरलो नाहीये. बायको म्हणते उंचीवरून एवढं चिडणं पोरकटपणा आहे. तुम्हीच काय ते सांगा.
— एक रीचरभक्त, डोंबिवली

वहिनींना सांगा, ह्या भांडणात शेवटी खुद्द लेखक तुमच्या बाजूला आला. २०१२ चा पहिला सिनेमा आला तेव्हा ली चाइल्ड क्रूझची बाजू घेत होते, उंची म्हणजे नुसतं एक प्रतीक आहे, तो माणूस थांबवता येत नाही एवढंच त्यातून सांगायचंय वगैरे. त्या सिनेमात ते स्वतः क्षणभर दिसतातही, पोलीस ठाण्यात रीचरचं सामान परत देणारे हवालदार म्हणून. मग २०१६ ला दुसरा सिनेमा झाला, वाचकांची कुरकुर काही थांबेना, आणि २०१८ च्या सुमारास चाइल्डनीच मान्य केलं की वाचकांचं बरोबर आहे, रीचरला तो देह पाहिजेच. मग २०२२ ला सिरीज आली, अॅलन रिचसन नावाचा दांडगा गडी घेतला, आणि तुमच्यासारखे सगळे एका रात्रीत शांत झाले.

पण दादा, मला यात वेगळीच गंमत वाटते. उंचीचा मुद्दा पोरकट नाहीये कारण पुस्तकात ती उंची काम करते. पाच जण रीचरला घेरतात तेव्हा आपण रीचरची काळजी करतच नाही, आपल्याला त्या पाच जणांची दया येते, अरे पळा की लेको, आणि रीचर मनातल्या मनात शांतपणे हिशोब मांडत असतो की आधी कोणाला पाडायचं. तोच प्रसंग साडेपाच फुटाच्या माणसावर घेतला की उलटा होतो, आता याचं कसं होणार, आणि मग त्याने मारलं की अरे वा! दोन्हीत मजा आहे, पण ती एक मजा नाहीये, आणि तुम्ही पैसे पहिल्या मजेचे भरले होते.

म्हणून माझं एक साधं गणित आहे. पात्राची जी गोष्ट बदलली तिच्यावर कथानकातलं काही उभं आहे का ते बघायचं. उभं असेल तर खुशाल चिडा. नसेल तर जरा दम धरा. २००५ मध्ये डॅनियल क्रेगचं नाव बाँड म्हणून जाहीर झालं तेव्हा सोनेरी केसांचा बाँड कसा चालेल म्हणून लोकांनी निषेधाची वेबसाइट काढली होती, खोटं नाही सांगत. पुढच्या वर्षी सिनेमा आला आणि केसांचा विषय कोणी काढला नाही. बाँडचे केस गोष्टीत काहीच करत नाहीत ना!

ताई, ज्या थ्रिलरचा ट्विस्ट मला आधीच माहितीये त्याच्या तिकिटाला मी पैसे का घालवू? मैत्रिणी जबरदस्ती नेतात आणि मी आत जांभया देत बसते.
— कॉलेजची विद्यार्थिनी, नांदेड

अगं, तू कुठला पिच्चर निवडतेस त्यावर आहे ते. काही गोष्टींमध्ये सगळा जीव शेवटच्या दहा पानांत असतो, तो फुगा एकदा फुटला की संपलं, तिथे तुझ्या जांभया बरोबर आहेत. पण सगळेच थ्रिलर असे नसतात.

फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' घे. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी घेतलेला एक मारेकरी, आणि त्याच्या मागावर असलेला एक साधा, थकलेला पोलीस अधिकारी. कादंबरी आली १९७१ ला. द गॉल त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या घरी वारलेले, जगाला माहीत. म्हणजे मारेकरी फसणार हे पहिलं पान उघडायच्या आधीच ठाऊक, आणि तरी लोकांनी ते पुस्तक रात्र-रात्र जागून वाचलं. १९७३ ला फ्रेड झिनेमनने सिनेमा केला तेव्हा प्रेक्षकाला शेवट तर माहीत होताच, वर निम्म्या लोकांनी पुस्तकही वाचलेलं असणार. झिनेमनने काय केलं, मोठा स्टार घेतलाच नाही, एडवर्ड फॉक्स घेतला, जो तेव्हा फारसा कोणाला माहीत नव्हता, का तर मारेकरी गर्दीत दिसेनासा व्हायला हवा आणि स्टार कधी गर्दीत मिसळतो का!

त्यातला कलिंगडाचा सीन तर बघच. झाडीत गाडी लावून तो माणूस जाळीच्या पिशवीत एक कलिंगड घालून फांदीला टांगतो, पावलं मोजत लांब जातो, बंदूक नीट टेकवतो, एक गोळी झाडतो. जरा बाजूला लागते. छोटा स्क्रू फिरवतो. परत एक. परत स्क्रू. बोलणं नाही, चेहऱ्यावर काही नाही, शिंपी टाचणी लावतो तसं चाललंय. आणि मग वेगळी गोळी भरतो, जी खऱ्या कामासाठी राखून ठेवलीये, आणि ते कलिंगड जागेवर फुटून नाहीसंच होतं. तुला माहितीये ना की शेवटी काही होणार नाहीये? तरी पोटात गोळा येतो. कारण तिथून पुढे तू 'होणार का' बघतच नसतेस, 'हा एवढा तयारीचा माणूस आणि याचं चुकणार तरी कुठे' हे बघत असतेस.

तर पुढच्या वेळी ट्विस्ट काढून टाकला तर गोष्टीत काय उरतं ते आधी आठवून बघ. काही उरत असेल तर जा मैत्रिणींबरोबर, आणि तिथे शेजारी बसून 'आता बघ हं' असं अजिबात म्हणायचं नाही.

शेवट बदलायचा अधिकार या सिनेमावाल्यांना दिला कोणी? लेखकाने डोकं फोडून लिहायचं आणि यांनी चार टाळ्यांसाठी गोड करून टाकायचं. कायदा वगैरे काही आहे की नाही?
— निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, अधिकार बहुतेक वेळा लेखकानेच विकलेला असतो हो. हक्क विकायच्या करारातच लिहिलेलं असतं की निर्माता गरजेप्रमाणे बदल करू शकेल, आणि शेवटावर नकाराधिकार मिळवण्याएवढं वजन फार थोड्या लेखकांचं असतं. पण मला तुम्हाला वेगळंच सांगायचंय. कधीकधी शेवट गोड करणारा माणूस म्हणजे लेखक स्वतःच असतो.

अॅगाथा ख्रिस्तीची ती बेटावरच्या दहा जणांची कादंबरी, 'अँड देन देअर वेअर नन', १९३९ ची, जिच्यावरून आपल्याकडे १९६५ मध्ये 'गुमनाम' निघाला. मूळ शेवट इतका काळाकुट्ट आहे की वाचून झाल्यावर दिवा लावून बसावंसं वाटतं. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, ख्रिस्तीबाईंनी स्वतः त्याचं नाटक केलं आणि शेवट बदलून टाकला, कारण तो स्टेजवर तसाच्या तसा दाखवणं अवघड होतं आणि लंडनवर बॉम्ब पडून गेलेत अशा वेळी लोकांना घरी पाठवताना थोडी आशा द्यावी लागते. मग १९४५ चा सिनेमा आला त्याने पुस्तक बाजूला ठेवून नाटकाचा शेवट घेतला, त्यानंतरच्या बऱ्याच जणांनी तोच रस्ता धरला. मूळ शेवट पडद्यावर धीटपणे आणला तो १९८७ च्या सोव्हिएत सिनेमाने, आणि इंग्रजीत बघायचा तर बीबीसीची २०१५ ची तीन भागांची मालिका. म्हणजे पुस्तकाशी इमान राखणाऱ्यांनी लेखिकेचाच दुसरा शेवट नाकारला! आता यात खरा ख्रिस्तीभक्त कोण, तुम्हीच ठरवा.

उलटं पण होतं. जिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल'चा सिनेमा येणार होता तेव्हा, २०१४ च्या सुरुवातीला, बातमी फुटली की शेवटचा सगळा भाग नव्याने लिहिलाय. चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं. पटकथा तर खुद्द फ्लिनचीच होती, पण ते कोण ऐकून घेतंय. सिनेमा लागला आणि शेवट बघतात तर जवळपास पुस्तकातलाच, तोच कडू, घशात अडकणारा. महिनोनमहिन्यांची भांडणं फुकट गेली.

आणि आता शार्क. पीटर बेंचलीची 'जॉज' कादंबरी १९७४ ची, स्पीलबर्गचा सिनेमा १९७५ चा. पुस्तकात मासा जखमांनी थकून, नायकापर्यंत पोचता पोचता मरतो. सिनेमात हवेच्या टाकीवर गोळी झाडून त्याच्या चिंधड्या. बेंचलींना हे बिलकुल पटलं नव्हतं, असं कुठे होतं का म्हणे. शास्त्राच्या बाजूने ते बरोबर असतीलही, पण दोन तास श्वास धरून बसलेलं थेटर थकून मेलेल्या माशाला टाळ्या वाजवत नाही.

त्याहून मोठा बदल मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. पुस्तकात मासा पहिल्याच ओळीपासून समोर आहे, काळ्या पाण्यातून कसा चाललाय ते लेखक सांगतोच. सिनेमात तो तासाहून जास्त वेळ नीट दिसतच नाही! त्यात नशिबाचा भाग मोठा, यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, मग काय करणार, पिवळे पिंप दाखवा, पाण्याची पातळी दाखवा, संगीत वाजवा. शिवाय पुस्तकातलं पोलीसप्रमुखाच्या बायकोचं लफडं, महापौराचं माफियाशी साटंलोटं, सगळं काढून टाकलं. पानं मोजायला बसलात तर हा सिनेमा पुस्तकाशी बेइमान आहे. पण समुद्रात पाय टाकायची जी भीती पुस्तकाला बसवायची होती ती त्याने पुस्तकापेक्षा जास्त बसवली. सर, थ्रिलरमध्ये मी तरी एवढंच तपासते, काय लपवलं, किती वेळ लपवलं आणि कोणापासून. शेवट नंतर.

अॅगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेर पॉयरोच्या मिशा सिनेमात एवढ्या भयानक का?
— मिशीवाला, जळगाव

तुमची तक्रार जुनी आहे आणि मान्यवर आहे. १९७४ चा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' ख्रिस्तीबाईंना आवडला होता, फक्त मिशा नाही आवडल्या, पुस्तकात इंग्लंडातल्या सगळ्यात झोकदार मिशा म्हणून लिहिल्यात आणि इथे हे काय, असं त्यांचं म्हणणं. २०१७ च्या नव्या सिनेमात पॉयरो झालेल्या केनेथ ब्रॅनाने मग एवढ्या लावल्या की चेहरा मागे आणि मिशा पुढे. आता बसा.

मी केगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' तीनदा वाचलंय. नेटफ्लिक्सवर 'जाने जान' बघितला, जयदीप अहलावत कमाल, कालिंपोंग सुंदर, पण संपल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं आणि नेमकं काय ते सांगता येत नाहीये. गोष्ट तर तीच आहे ना?
— एक वाचक, पुणे

तीच आहे आणि नाहीये. तुम्हाला जे खुपतंय ते मलाही खुपलं होतं, आणि माझ्या मते ते जागा बदलल्यामुळे नाहीये. टोकियोतली डबे विकणाऱ्या दुकानातली बाई कालिंपोंगमध्ये छोटा कॅफे चालवते, शेजारी गणिताचा मास्तर, धुकं, चढउतार, हे सगळं सुजॉय घोषने झक्कास बसवलंय. अहलावतला टक्कल पाडून, खांदे पाडून असा काही केलाय की रस्त्यात भेटला तर दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. पुस्तकातल्या मास्तरला तसंच असायला हवं, कारण तो कोणाच्या नजरेत भरत नाही ह्यावरच सगळी रचना उभी आहे. म्हणजे कास्टिंगच्या परीक्षेत पैकीच्या पैकी.

मग गडबड कुठे? पुस्तकात शोध घेणारे दोघं आहेत. एक पोलीस, आणि एक त्याचा भौतिकशास्त्रज्ञ मित्र, जो मास्तरचाही कॉलेजातला जुना मित्र निघतो. हा शास्त्रज्ञ पोलीस नाहीये, म्हणून त्याला कळलेलं सगळं लगेच सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. त्याला अंदाज येतो आणि तो गप्प बसतो, पोलिसाला टाळतो, रात्री एकटा विचार करतो की माझ्या ओळखीतला सगळ्यात हुशार माणूस मी पकडून देऊ का. वाचकाला सगळ्यात जास्त पिळतं ते ह्या गप्प बसण्याने. हिंदीत हे दोघं एक केले, विजय वर्माचा करण हाच पोलीस आणि हाच कॉलेजचा मित्र. दोन तासांच्या सिनेमात एक पात्र वाचतं, ठीक, पण जो पोलीसच आहे त्याला गप्प बसायची मुभा कुठून मिळणार? त्याचं तर कामच पकडायचं. तिथे ते पिळणं सैल झालं.

ही एकट्या हिंदीची गोष्ट नाही बरं का. २००५ च्या ह्या कादंबरीवर २००८ ला जपानी सिनेमा झाला, २०१२ ला कोरियन, २०१७ ला चिनी. कोरियन मंडळींनी तर शास्त्रज्ञाला रजाच दिली. त्यांना प्रेमकथा जास्त महत्त्वाची वाटली. जपानी सिनेमात शास्त्रज्ञ आहे कारण तिथे तो आधीपासून टीव्हीवर लोकप्रिय, त्याला काढायची कोणाची टाप नव्हती. एकदा जपानी बघा, तुमचं राहून गेलेलं तिथे सापडेल.

जागा बदलणं मला तरी फार मोठं पाप वाटत नाही. 'द गर्ल ऑन द ट्रेन' लंडनहून न्यूयॉर्कला नेली २०१६ मध्ये, रुळांच्या कडेची घरं आणि रोजची गाडी दोन्हीकडे आहेत, काही बिघडलं नाही. हिंदीवाले २०२१ मध्ये ती परत लंडनला घेऊन गेले, जागा मूळचीच, आणि तरी पुस्तक कमी उरलं कारण शेवटाला वरून आणखी वळणं चिकटवली. वाचलेल्यांनाही धक्का द्यायचा हट्ट! लेखिकेने जे हळूहळू उलगडत आणलं त्याच्याशी ह्या नव्या धक्क्याचं नातंच लागत नाही, मग तो धक्का नुसता आवाज करतो.

इथे परदेशात मराठी मंडळींच्या ग्रुपवर वाद चाललाय, थ्रिलरचा सिनेमा करूच नये, सरळ वेबसिरीज करावी, म्हणजे काहीच कापावं लागत नाही. तुमचं काय मत?
— एक वाचक, सिंगापूर

अर्धं मान्य. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा धंद्यातला ढोबळ हिशोब आहे, त्यामुळे चारशे पानी कादंबरीचा दोन तासांचा सिनेमा करायचा तर कात्री लागणारच. विक्रम चंद्रांची 'सेक्रेड गेम्स' नऊशेच्या वर पानांची, तिचा सिनेमा म्हणजे ट्रेलरच झाला असता. सिरीज झाली, २०१८ ला, म्हणून तर आपल्याला काटेकर मिळाला. पुस्तकात काटेकर आहेच, पण जितेंद्र जोशीने त्या हवालदाराला जे उभं केलं, ते घर, ती बायकोशी धुसफूस, साहेबाशी बोलताना मधेच निसटणारं मराठी, त्याला जागा मिळाली कारण वेळ होता. माझ्या ओळखीतले लोक त्यातल्या गँगस्टर गायतोंडेचे डायलॉग मारतात पण रडले काटेकरसाठी. पुस्तकात नसलेलं घातलं तरी चाहते कसे खूश होतात बघा, फक्त ते त्याच माणसाचं पाहिजे.

पण सिरीजचा आजार वेगळा. दर भागाच्या शेवटी प्रेक्षकाला लोंबकळत ठेवायलाच पाहिजे, मग पुस्तकात जिथे धक्का नाही तिथेही धक्का उपटतो. आणि एक सीझन चालला की दुसरा हवा, दुसऱ्याच्या शेवटी तिसऱ्यासाठी दार उघडं हवं. 'सेक्रेड गेम्स'चा दुसरा सीझन २०१९ मध्ये नेमका तिथे आणून सोडला की आता काय झालं ते ज्याचं त्याने समजून घ्यावं, आणि तिसरा आलाच नाही. पुस्तक वाचलेले निदान पुस्तकाकडे परत जाऊ शकतात, बाकीच्यांनी काय करायचं?

माझं मत विचाराल तर जाड, पुष्कळ माणसांची गोष्ट असेल तर सिरीज. एकच माणूस, एकच धोका, घड्याळ चालू आहे, अशी असेल तर सिनेमा, आणि तोही दोन तासांच्या आत. 'जॅकल'ची भागामागून भाग ताणलेली गोष्ट मला तरी नको.

ताई, हे सगळं इंग्रजी-जपानी झालं. आमच्या बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, सुहास शिरवळकरांचा म्हणजे सुशिंचा अमर विश्वास, नारायण धारपांचे समर्थ, हे कधी येणार पडद्यावर? आणि आले तर नीट येतील का?
— वाचनालयात वाढलेला एक काका, सातारा

काका, ह्या प्रश्नाची पत्रं सगळ्यात जास्त आलीत, आणि गंमत म्हणजे येणार का यापेक्षा बिघडवतील का हीच काळजी सगळ्यांना आधी लागलीये!

काळजी उगाच नाहीये. सुशिंच्या 'दुनियादारी'वर २०१३ ला सिनेमा आला, तुफान चालला, गाणी आजही लग्नात वाजतात, आणि तरी कादंबरीवाल्यांसमोर नुसतं नाव काढा, तासभर ऐकून घ्यावं लागतं की आमचा कट्टा असा नव्हता. ती थ्रिलर नाही, पण चाहते तेच आहेत, तेच अमर विश्वास आणि फिरोज इराणी घेऊन रांगेत उभे आहेत.

दुसऱ्या बाजूला 'तुंबाड' बघा. २०१८ चा, राही बर्वेंचा. धारपांच्या एका गोष्टीतली आजी, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतल्या गावाचं, बाकी सगळी रचना नवीन. धारपांची गोष्ट जशीच्या तशी शोधायला गेलात तर मिळणार नाही. पण धारप वाचताना जे व्हायचं, म्हणजे दार बंद आहे, आत काहीतरी आहे, आणि घरातले लोक त्याबद्दल अगदी रोजच्या आवाजात बोलतायत, जेवण दिलं का तिला, झोपली का ती, हे त्यात नेमकं उतरलंय. २०२४ ला परत थेटरला लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला.

झुंजारबद्दल माझी एकच अट आहे, त्याला आजच्या मुंबईत आणू नका. अर्नाळकरांची गोष्ट वेषांतरावर, चिठ्ठीवर, टॅक्सीचा पाठलाग करण्यावर आणि फोन वेळेत न लागण्यावर चालते. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आणि प्रत्येक नाक्यावर कॅमेरा, झुंजार काय नि अर्नाळकरांचा दुसरा नायक काळापहाड काय, दहा मिनिटांत सापडेल! जुनी मुंबई उभी करायला पैसे लागतात आणि मराठी निर्मात्याचा हात तिथेच आखडतो, हे खरं दुखणं. म्हणून मी म्हणते सुरुवात अमर विश्वासपासून करा. बॅरिस्टर माणूस, अर्धी गोष्ट कोर्टात, कोर्टाचा सेट एकदा लावला की दहा भाग निघतात, आणि उलटतपासणी चांगली लिहिली तर बंदुकीची गरजच नाही. अमर विश्वास कोणी करावा हे मात्र मी सांगणार नाही, मागे एकदा गप्पांत एक नाव घेतलं होतं तर दोन मैत्रिणी आठवडाभर बोलत नव्हत्या.

आवडत्या कादंबरीचे हक्क विकले गेल्याची बातमी वाचून आम्ही मित्रांनी पार्टी केली. त्याला वर्षं झाली, सिनेमाचा पत्ता नाही. कुठे अडतं हे?
— ताटकळलेला, अमरावती

हक्क विकले अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा विकलेले नसतात हो, राखून ठेवलेले असतात. धंद्यात त्याला ऑप्शन म्हणतात. निर्माता थोडे पैसे देऊन वर्ष-दीड वर्षासाठी सांगतो की तोवर दुसऱ्या कोणाला देऊ नका, मी पटकथा लिहून घेतो, पैसे लावणारा शोधतो, नट बघतो. जमलं तर पूर्ण रक्कम, नाही जमलं तर मुदत वाढवायची नाहीतर हक्क परत लेखकाकडे. परत गेले की दुसरा येतो, परत बातमी, परत तुमची पार्टी. बरीचशी पुस्तकं ह्या फेऱ्यातच फिरत राहतात, आणि लेखकांची त्याला फारशी हरकत नसते, न निघालेल्या सिनेमाचेही थोडे पैसे मिळतात आणि वर शिव्या खाव्या लागत नाहीत. पुढची पार्टी शूटिंग सुरू झाल्याच्या बातमीवर करा.

जागा संपली. स्टीफन किंगला 'शायनिंग'चा सिनेमा का आवडला नाही असं विचारणारी पत्रं वेगळी काढून ठेवलीत, पुढचा अंक भुताखेतांचाच आहे, तिथे घेते. आणि सोलापूरच्या ज्या वाचकांनी पाकिटावरच खुन्याचं नाव लिहून पाठवलंय त्यांना हात जोडून विनंती, आमच्या पोस्टमनने ते पुस्तक अजून वाचायचं होतं.